वहीबाच्या वाट्यातली कोंबडी

वहीबाच्या डाव्या डोळ्यात लहानपणीच फूल पडलं होतं. गावात तिला कोणी तोंडावर आंधळी म्हणत नसे, पण सोयरिकी जुळवणाऱ्या बायका तिच्या दाराशी आल्या की पाऊल न थांबवता पुढच्या दाराला लागत. फय्यूमच्या त्या गावात, कालव्याच्या वळणावर तिच्या भावाचं घर होतं. आधी ते बापाचं होतं. बाप गेला तसं अब्दुल-तव्वाबचं झालं, आणि अब्दुल-तव्वाबचं म्हणजे त्याची बायको एतिदाल हिचं. वहीबा त्याच घरात जन्मली होती, तरी तिला कोणी काही दिलं तर ते उपकार म्हणून दिलं जाई.

ती गच्चीवर राहायची. तिथे मक्याची वाळलेली ताटं रचलेली, गोवऱ्यांची उतरंड, एका कडेला कोंबड्या-बदकांचं खुराडं आणि त्याला लागून एक बुटकी खोली. त्या खोलीत वहीबाची चटई होती. पहाटे उठून भट्टी पेटवायची, पीठ मळायचं, पाणी भरायचं, पाखरांना दाणा-चारा घालायचा, आणि एतिदालला सबरीन झाली तेव्हापासून तिला न्हाऊमाखू घालण्यापासून तिच्या वेण्या घालण्यापर्यंत सगळं करायचं. सबरीन आईपेक्षा आत्याच्या कडेवरच मोठी झाली.

एकदा वहीबाला मागणी आली होती. कारून तलावाच्या काठचा एक कोळी, बायको गेलेला. त्याला डोळ्याचं काही वाटलं नव्हतं. "मासे मी बघतो, घर तिने बघावं," असं तो म्हणाला. एतिदालने त्याला चहा दिला आणि अगदी मायेने म्हणाली, "आधीच सांगते बाबा, नंतर फसवलं म्हणू नका. उजव्यालाही झाक यायला लागली आहे. वर्षा-दोन वर्षांत हात धरून न्यावं लागेल." वहीबा दाराआड उभी होती. तिचा उजवा डोळा धडधाकट होता. त्या डोळ्याने तिने कोळ्याला चहा अर्धा टाकून उठताना पाहिलं.

त्या दिवसापासून तिने लग्नाचा विषय काढला नाही आणि दुसऱ्या कोणी काढलाही नाही.

एतिदाल तिला 'वन्सं' म्हणायची आणि अहोजाहो करायची. कितीही टोचून बोलायचं असलं तरी मान सोडायची नाही. तेच जास्त लागायचं.

सबरीनचं लग्न ठरलं त्या वर्षाची ही गोष्ट. उन्हाळा सरत आला होता. खुराड्यातली एक कोंबडी खुडूक बसली. चांदीसारखी मान, अंगावर काळे-पांढरे पट्टे, फय्यूमकडची खास जात. तिच्याखाली अंडी ठेवली, पण ती नासली. तरी ती उठेना. रिकाम्या जागेवरच बसून राहिली, दाण्याला येईना. शेवटी उठली तेव्हा बाकीच्या कोंबड्यांनी तिला ओळखच दाखवली नाही. दाण्यापाशी गेली की टोचून हाकलायच्या. पाठीवरची पिसं गेली, तुरा पांढरट पडला आणि चालताना ती एका बाजूला कलायला लागली.

एतिदालने तिला पंखांना धरून उचललं आणि हवेतच हलवून पाहिलं.

"हिचा शोरबा केला तर पाण्यालाच लाज वाटेल," ती म्हणाली. "वन्सं, टाका हिला कालव्यात."

"मला द्या वहिनी. उभी करते."

"करा की. पण खुराड्यातल्या दाण्याला हात लावायचा नाही. मेल्या जिवाला घालायला माझ्याकडे मका उतू चाललेला नाही. तुमच्या ताटातलं घाला."

"घालीन."

सबरीन जिन्यात उभी होती. ती हसली. "आत्या, तुम्ही दोघी शेजारी बसलात की कोण कोणाला खाऊ घालतंय ते कळायचं नाही."

एतिदालही हसली. वहीबाने कोंबडी ओढणीखाली घेतली. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं आणि दोन्ही बाजूंना मांस म्हणून नव्हतं. गळ्याखालची दाण्याची पिशवी चिमटीत धरली तर कातडीला कातडी लागली. पंखाखाली पिसवांनी नुसता बुजबुजाट केला होता.

खजुराच्या फांद्यांची एक जुनी पेटी होती, तिच्यात वहीबाने तिला वेगळं ठेवलं. पोटभर खायला घातलं तर ही आजच मरेल, हे तिला ठाऊक होतं. उपाशी पोटाला एकदम भार झेपत नाही. पहिल्या दिवशी तिने कोमट पाण्यात साखर विरघळवून थेंब थेंब चोचीच्या कडेला सोडलं. मग आपल्या भाकरीचा मऊ भाग भिजवून, पिळून, वाटाण्याएवढ्या गोळ्या केल्या. थोडं घालायचं, थांबायचं, पिशवी खाली झाली का ते बोटांनी बघायचं, मग पुन्हा थोडं. भट्टीतली राख चाळून पिसांत चोळली. लसूण ठेचून तिच्या पाण्यात टाकला, भोपळ्याच्या बिया कुटून भाकरीत मिसळल्या. पोटातले किडे पडल्याशिवाय खाल्लेलं अंगी लागणार नव्हतं.

समोरच्या घरात हज्जा फिक्रिया नावाची विधवा राहायची. तिच्याकडे म्हैस होती. वहीबा दुपारी तिचं पीठ मळून द्यायला जाऊ लागली, आणि त्याबदल्यात पनीर काढल्यावर उरलेलं पाणी आणि तलावाकडून येणारे सुके बारके मासे घेऊन येऊ लागली.

"स्वतः खा की गं ते मासे," फिक्रिया म्हणायची. "हाडं मोजता येतील तुझी."

"माझं काय, मी चालते-फिरते आहे."

"ती कोंबडी उद्या पातेल्यातच जाणार."

"बघू."

पनीरच्या पाण्यात कोंडा कालवायचा, त्यात मासे कुटून घालायचे, वरून बरसीमच्या चाऱ्याची कोवळी पानं चिरायची. कोंबडी खाऊ लागली. पण अंगात मांस धरायला अंडं हवं होतं. अंडं उकडून, टरफलासकट कुस्करून दिलं की पिसंही येतात आणि छातीही भरते. वहीबाने खुराड्यातून एक अंडं उचललं आणि बाहीत घातलं. मागे वळली तर एतिदाल उभी.

"काय आहे बाहीत?"

"काही नाही."

एतिदालने तिचा हात धरला, प्रेमाने धरावा तसा, आणि बाहीवरून मूठ आवळली. अंडं आतच फुटलं आणि कोपरापर्यंत ओघळलं.

"असं का करता वन्सं? मागितलं असतं तर दिलं नसतं का?" असं म्हणून ती खाली गेली. जिन्यातून सबरीनला सांगत होती ते वर ऐकू येत होतं. "तुझी आत्या चोरायला लागली. म्हातारपणी काय काय बघायचं आहे देव जाणे."

वहीबा पेटीपाशी बसली. बाही उलटी करून बलक बोटाने निपटून काढला आणि कोंबडीपुढे धरला. कोंबडीने तिच्या मनगटावरचाही टिपून घेतला.

त्यानंतर वहीबाने अंडी हज्जाकडूनच आणली. जास्तीची कणीक मळून, तिची भांडी घासून. ताटातली भाकरी अर्धी-अर्धी होत गेली आणि पुढे पुढे अर्ध्याहून जास्त कोंबडीकडेच जायला लागली. वहीबाच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. एतिदालला ते दिसत होतं. ती भाकरी वाढवत नव्हती, आणि वहीबा मागत नव्हती.

थंडी सुरू होताहोता कोंबडीचा तुरा लाल झाला. पाठीवर नवी पिसं आली. हाडाच्या दोन्ही बाजू भरल्या आणि हाताला गोलाई लागू लागली. उन्हं उतरली की ती आपणहून वहीबाच्या मांडीवर येऊन बसायची, मान पिसांत खुपसून. ते ऊबदार ओझं मांडीवर घेऊन वहीबा कालव्याकडे बघत बसायची. तिच्या मांडीवर बसायला सबरीननंतर कोणी आलं नव्हतं. ती कोंबडीशी बोलायची, पण हळू, कारण खाली ऐकू गेलं की हसायला निमित्त व्हायचं.

एके दिवशी एतिदाल वर आली, वाकली, कोंबडीला उचलून तिने तिच्या छातीवर अंगठा फिरवला.

"वा वन्सं. हात आहे तुमचा. शुक्रवारी सबरीनच्या सासरचे जेवायला येताहेत. काय करावं या विचारात होते मी."

वहीबाने कोंबडी परत घ्यायला हात पुढे केला. मग म्हणाली, "कापायची?"

"मग काय तिचंही लग्न लावायचं?"

"तुम्हीच म्हणाला होतात, माझ्या ताटातलं घालायचं. मी माझ्याच ताटातलं घातलं."

"हो ना," एतिदाल म्हणाली. "आणि ताट कोणाचं?"

ताट, चटई, वहीबाच्या अंगावरचा झगा, सगळं याच घरातलं होतं.

"खरं आहे," ती म्हणाली.

"शुक्रवारपर्यंत अजून भरा तिला. गहू दुधात भिजवून घाला, मांस मऊ होतं. दूध मी देते."

आणि एतिदालने खरोखरच दूध दिलं. वहीबाने गहू भिजवले, कोंबडीला मांडीत धरून, चोच उघडून, बोटाने एकेक घास आत सारला. बदकांना भरतात तसं. कोंबडीने अंग चोरलं नाही. हाताला सरावलेली होती.

गुरुवारी एतिदाल आणि सबरीन बाजाराला गेल्या. अब्दुल-तव्वाब शेतावर होता. वहीबाने सुरी दगडावर घासली. कोंबडी पेटीबाहेर ऊन खात बसली होती. वहीबाने हात पुढे केला तशी ती चालत आली, रोजच्यासारखी, हातात काय आहे ते बघायला. वहीबाने तिला पाण्याचे दोन घोट पाजले, कूस बदलून आडवी धरली, बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी ओढली. पंख फडफडले ते तिने पायाखाली दाबून ठेवले, थांबेपर्यंत.

मग गरम पाण्यात बुडवून पिसं काढली. कांदा, वेलदोडे, मिरी टाकून गच्चीवरच्या चुलीवर शिजायला ठेवली. वास गल्लीत उतरला. समोरून हज्जा फिक्रियाने डोकं बाहेर काढलं.

"आजच का गं? पाहुणे उद्या ना?"

"पाहुणे उद्या," वहीबा म्हणाली.

या घरात कोंबडी कापली की छाती अब्दुल-तव्वाबला, तंगड्या एतिदाल आणि सबरीनला, आणि मान व पाय वहीबाला, असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. त्या दिवशी मान आणि पाय तिने कठड्यावरून मांजराला टाकले. शोरबा वाडग्यात ओतला, भात वाढला, भातावर अख्खी कोंबडी ठेवली आणि जिन्याकडे तोंड करून बसली.

सबरीन आधी वर आली. बाजारातून चालत आल्याने तिचं तोंड सुकलं होतं. ती पायरीवरच थबकली.

"आत्या, हे काय?"

"जेवते आहे."

"पण ती उद्यासाठी होती. माझ्या सासूसाठी."

वहीबाने छातीचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. सबरीन हळूच पुढे येऊन बसली, लहानपणी बसायची तशी, गुडघ्याला गुडघा लावून. थोडा वेळ तिने पाहिलं. मग म्हणाली, "आई येईल आता. मी सांगेन की मीच हट्ट केला म्हणून. एक तंगडी दे मला."

तो समेटाचा हात होता, हे वहीबाला कळलं. तिने तंगडी उचलली, सबरीनच्या तोंडाकडे बघत दात लावले आणि हाडापर्यंत खाल्ली. मग दुसरी घेतली.

"तुझ्या आईच्या ताटात बघ," ती म्हणाली.

सबरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली नाही, तिथेच बसून रडली. वहीबा जेवत राहिली. कोंबडीची आठवण आली का? आली. मांडीवरचं ओझं आठवलं, मान खुपसून बसणं आठवलं. पण हातातला घास थांबला नाही. मांस मऊ होतं. दुधाने तसं होतं, हे एतिदालने बरोबर सांगितलं होतं.

एतिदाल वर आली तेव्हा वाडग्यात हाडं उरली होती. ती ओरडली नाही. "बरं झालं," एवढंच म्हणाली. "आता यांना येऊ देत."

अब्दुल-तव्वाब आला. तो बहिणीवर कधी हात न उचलणारा माणूस होता, आणि त्याबद्दल स्वतःला चांगला समजायचा. त्याने डाव्या बाजूने येऊन मारलं. वहीबाला हात येताना दिसलाच नाही. ती पडली, उठली, आणि भांडी गोळा करायला लागली.

"काही बोल तरी," तो म्हणाला.

"पोट भरलं आहे दादा. झोपते."

शुक्रवारी बाजारातली पांढरी फार्मची कोंबडी शिजली. वहीबाला चाऱ्याच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली होती, म्हणजे पाहुण्यांना तो डोळा दिसायला नको. नवऱ्या मुलाची आई दोन घासांनंतर म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुमच्या गच्चीवरची पाखरं आहेत. ही तर कापूस चावल्यासारखी लागते." आणि हसली, वाईट वाटू नये म्हणून. भिंतीपलीकडे वहीबाने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचं बिऱ्हाड भट्टीच्या खोलीत आलं आणि गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. किल्ली एतिदालच्या कमरेला. पाखरं आता एतिदाल बघणार होती.

ती सकाळी एकदाच वर जायची आणि अख्खा मका मधोमध ओतून यायची. दांडग्या कोंबड्या खाऊन घ्यायच्या, गरीब कडेला उभ्या राहायच्या. पाण्याचं भांडं हिरवं झालं. थंडीत खुराड्याच्या तोंडाला गोणपाट लावायचं असतं, ते कोणी लावलं नाही. वहीबा भट्टीपाशी बसून वरचे आवाज ऐकायची. आवाजावरून तिला कळायचं, कोण खोकतंय, कोणाची पिशवी तुंबली आहे, बदकाचं पाऊल कुठे ओढत पडतंय. तिने काही सांगितलं नाही.

सबरीनच्या लग्नात मुलीकडून सासरी भरल्या अंगाची बदकं आणि कोंबड्या शिजवून, ताटं झाकून पाठवायची असतात. सगळ्या गल्लीदेखत डोक्यावरून नेतात. सासूने झाकण उचललं की मुलीची किंमत तिथेच ठरते. दिवस जवळ आले तशी एतिदालने गच्चीवरचं एकेक पाखरू हातात घेऊन पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

ती स्वतः विचारायला आली नाही. तिने मुलीला पाठवलं.

"आत्या, सांग ना काय घालायचं," सबरीन म्हणाली. "अजून वेळ आहे. तू त्या मरतुकडीला उभी केलीस, ही तर बरी आहेत."

"मला काय कळतं त्यातलं?"

"आईचा राग माझ्यावर का काढतेस? मी काय केलं तुझं?"

सबरीनने काही केलं नव्हतं, फक्त हसली होती. वहीबा भट्टीतून भाकरी काढत होती. अजूनही वेळ होता, हे तिला माहीत होतं. वेगळी करायची, पाणी बदलायचं, कोंडा, मासे, बरसीम, थोडं थोडं. पुरेसा वेळ होता.

"मका घाल," ती म्हणाली. "अख्खा. खातील तेवढा, भरपूर."

सबरीनने तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्यावर विश्वास ठेवला आणि तसंच केलं. दोन बदकं तुंबून मेली. उरलेल्यांच्या पोटात चरबी धरली, पण छाती धरली नाही. लग्नाच्या रात्री ताटं गेली, सासूने झाकण उचललं आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, "मुलीकडच्यांनी हाडं पाठवली आहेत. कुत्र्यांना विसरले नाहीत म्हणायचे." ते वाक्य सकाळपर्यंत दोन्ही गावांत पोहोचलं.

पुढे सबरीनला ते जेवताना, झाडताना, आजारी असताना ऐकावं लागलं. सासू वाईट नव्हती, पण एक बोलायला मिळालं की ते सोडणारी नव्हती. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा सबरीन सरळ भट्टीच्या खोलीत आली आणि उभ्यानेच बोलली.

"मी तिथे हज्जा फिक्रियाच्या भाचीला विचारलं. अख्ख्या मक्याने असंच होतं म्हणाली. लहान पोरालाही कळतं म्हणाली."

वहीबाने भाकरी उलटली.

"तुला माहीत होतं."

"होतं."

"आईने तुझं काय केलं ते मला कळतं गं. पण त्या घरात आई नाही राहत, मी राहते."

वहीबाने एक गरम भाकरी फडक्यात गुंडाळून पुढे केली. सबरीनने ती घेतली नाही. ती बाहेर गेली, अंगणात आईशी दोन शब्द बोलली आणि चहाला न थांबता निघाली.

त्याच महिन्यात वहीबा चटई उचलून समोर हज्जा फिक्रियाकडे राहायला गेली. अब्दुल-तव्वाबने अडवलं नाही. फिक्रियाला म्हशीच्या कामाला आणि पाखरांना माणूस हवंच होतं. ती पोटभर जेवू घालायची आणि दिवसभर राबवून घ्यायची, आणि दोन्हीची तिला लाज नव्हती. वर्षभरात वहीबाच्या अंगावर मांस आलं. लग्नघरच्या बायका आपली सुकलेली बदकं तिच्याकडे आणून ठेवू लागल्या, नेताना तिला दुवा देऊ लागल्या. ती सगळ्यांना नीट सांगायची, काय घालायचं, कधी घालायचं, कशाने मरतात. काहीही हातचं राखायची नाही.

सबरीन वर्षातून दोनदा माहेरी यायची. पहिला मुलगा झाला तेव्हा तिने तो गल्लीतल्या सगळ्या घरी नेऊन दाखवला. वहीबा दारात कोंडा कालवत बसली होती. तिने हात धुतले, पुसले आणि वाट पाहत उभी राहिली. सबरीन शेजारच्या दारात गेली, मग पलीकडच्या दारात, आणि मग मुलाचं तोंड शालीने झाकून आईच्या घरात शिरली.